कुरकुर ऐकणारे कान

मध्यंतरी काही कामानिमित्त इंदूरला जाणे झाले. काम एका दिवसात आटोपले आणि हातात चार दिवस मोकळे राहिले. इंदूरला माझा आत्येभाऊ असतो. तीन पिढ्या तिथे गेल्यामुळे त्याचे मराठी आपल्याला ऐकायला मोठे गमतीचे वाटते. "आता तू कुठे जाऊन राहिला आहेस?" असे तो विचारतो. मी म्हटले, धार आणि देवास बघायचे बरीच वर्षे मनात आहे, पण टॅक्सी नको. तेव्हा त्याने आपली जुनी शंभर सीसीची मोटारसायकल माझ्या हवाली केली आणि किल्ली देताना अभिमानाने म्हणाला, "बघ, आवाज येऊन राहिला आहे का काही? गेल्याच महिन्यात टॅपेट लावून आणले. एकदम मख्खन!"

खरोखरच आवाज येत नव्हता. आमच्या आजीचे शिलाई मशीनसुद्धा त्या गाडीपेक्षा जास्त बोलत असे.

हा लेख त्या न येणाऱ्या आवाजाबद्दल आहे. एरवी नाटक, भजन आणि जत्रा यांवर लिहिणारा माणूस मोटारसायकलीच्या इंजिनावर कुठे घसरला, असे नेहमीच्या वाचकांना वाटेल. पण आपण गोमंतकीय माणसे आयुष्याचा केवढा तरी भाग दुचाकीवर काढतो. इतर जगात पायलट म्हटले की विमान आठवते. आमच्याकडे पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल आणि तिच्यावर बसलेला, तिठ्यावर गिऱ्हाईकाची वाट पाहणारा माणूस आठवतो. पहाटे पोदेराचा भोंपू, मग मासळीवाल्याची हाळी आणि त्यानंतर शेजाऱ्याने मारलेली किक, या क्रमाने आमच्या वाड्यावरचा दिवस उजाडतो. तेव्हा हा विषय संस्कृतीचा नाही असे निदान गोव्यात तरी कोणी म्हणू नये.

तर पहिल्या दिवशी धारला गेलो. इंदूरपासून साठेक किलोमीटर. दोन्ही बाजूंना माळव्याची काळी माती, थंडीच्या दिवसांतला गहू आणि हरभरा. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. अठराव्या शतकात पेशव्यांच्या फौजांबरोबर नर्मदेपलीकडे गेलेले पवार इथे स्थिरावले. देवासची तर दोन भावांत वाटणी झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि एकाच गावात दोन राजे १९४८ सालापर्यंत नांदले. धारला मराठ्यांच्या आधीचा मोठा इतिहास आहे तो भोजराजाचा. अकराव्या शतकातला हा परमार राजा. इथल्या लाट मशिदीजवळ एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे पडून आहेत. ते जोडले तर तेरा मीटरच्या वर भरतील. दिल्लीचा लोहस्तंभ बघायला झुंबड उडते, हा त्याच्याहून कितीतरी लांब आहे, पण मी गेलो तेव्हा तिथे एक म्हातारा रखवालदार आणि दोन शेळ्या होत्या.

मला मात्र भोजराजाच्या वेगळ्याच गोष्टीत रस होता. त्याच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' नावाचा वास्तुशास्त्रावरचा मोठा संस्कृत ग्रंथ आहे. तो छापून निघाला तोही एका मराठी संस्थानाच्या कृपेने. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत टी. गणपती शास्त्री यांनी १९२४-२५ साली तो संपादित केला. त्याचा एकतिसावा अध्याय यंत्रांवर आहे. त्यात पाऱ्याच्या जोरावर उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचे वर्णन येते आणि तेवढाच भाग हल्ली व्हॉट्सअॅपवर फिरत असतो. कोणी तो पक्षी उडवून दाखवलेला नाही. पण त्याच अध्यायात चांगल्या यंत्राचे गुण कोणते याची एक यादी आहे, ती कोणी पुढे पाठवत नाही. माझ्या मते खरा ऐवज तिथे आहे. यंत्राचे भाग एकमेकांत नीट बसलेले असावेत. त्याला आवाज नसावा. पण आवाज काढणे हाच यंत्राचा हेतू असेल तर मग तो भरपूर असावा. यंत्रात ढिलेपणा नसावा, आणि त्याचबरोबर ते आखडलेलेही नसावे.

शेवटच्या दोन अटी पुन्हा वाचा. ढिलेपणा हा दोष आणि घट्टपणा हाही दोष. हजार वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्याने, किंवा राजाच्या पदरी बसून ज्याने कोणी त्याला सांगितले त्याने, हातात हत्यार धरले होते याबद्दल मला शंका नाही. नुसत्या पोथ्या वाचणारा माणूस 'घट्ट असावे' एवढे लिहून मोकळा झाला असता.

धारहून मांडवगड पस्तीसेक किलोमीटर. तिथे घाट चढताना माझ्या मख्खन गाडीचे रंग बदलू लागले. चढणीला दम लागेना. दुसऱ्या गियरवर आणली तरी ओढेना. उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून 'फट् फट्' असा बार निघे. थोडा वेळ थांबून किक मारली तर पाचसहा किकांशिवाय चालू होईना. आणि एवढे सगळे होत असताना इंजिनातून काडीचाही आवाज नाही. आजारी माणूस कण्हायचा थांबला की घरच्यांना जसे वाटते तसे मला वाटू लागले.

परतीच्या वाटेवर मुद्दाम पीथमपूरवरून आलो. हे गाव धार जिल्ह्यात आहे हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. पण इथे तयार झालेल्या गाड्या आपल्या दारात उभ्या राहिलेल्या आहेत. किनेटिक होंडा इथली. पुण्याच्या फिरोदियांनी जपानच्या होंडाबरोबर १९८४ साली भागीदारी केली आणि पीथमपूरला कारखाना घातला. गियर नाही, बटण दाबले की चालू. त्या काळी गोव्यात बँकेत आणि शाळेत नोकरी करणाऱ्या कितीतरी बायका या स्कूटरने स्वतंत्र केल्या. पणजीच्या सचिवालयासमोर तिचा तो 'झुंईं' आवाज ओळखीचा झाला होता. १९९८ साली होंडा भागीदारीतून बाहेर पडली, २००८ साली किनेटिकचा दुचाकीचा धंदा महिंद्रांनी घेतला, आणि २०१८ पासून त्याच पीथमपुरात नवी जावा तयार होऊ लागली. माणसे कितीही बदलली तरी गाव मोटारसायकलीचेच राहिले.

जावाची गोष्ट आवाजाच्या दृष्टीने मोठी मजेदार आहे. जुनी जावा आणि येझदी म्हैसूरला होत असे. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. ती टू-स्ट्रोक. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. नवी फोर-स्ट्रोक, तिच्यात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट. दोघींनाही सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. जुनीत टॅपेट नावाचा प्रकारच नव्हता, कारण तसले वाल्वच नव्हते. नवीत ते आहेत. तेव्हा जुन्याचा आवाज नव्यातून यावा ही अपेक्षा म्हणजे तबल्यातून घुमटाचा आवाज काढायला सांगण्यासारखे आहे. तरीही नवी जावा आली तेव्हा लोक आधी तिच्या आवाजाबद्दलच भांडले. मला यात हसण्यासारखे काही वाटत नाही. माणसे यंत्र डोळ्यांनी विकत घेतात आणि कानांनी वागवतात.

पीथमपूरलाच नॅट्रॅक्स ही वाहनांच्या चाचणीची राष्ट्रीय संस्था आहे. २०२१ सालच्या जूनमध्ये तिथल्या ११.३ किलोमीटरच्या अतिवेगवान ट्रॅकचे उद्घाटन झाले. तिथे वाहनाचा बाहेर पडणारा आवाज मोजण्यासाठीही वेगळा ट्रॅक आहे. मी कुंपणाबाहेरूनच बघितले, माझ्या त्या अवस्थेतल्या गाडीला आत कोण घेणार? कुंपणापलीकडे डेसिबल मोजले जात होते आणि अलीकडे मी कानाने काही ऐकू येते का ते बघत होतो.

दुसऱ्या दिवशी कसाबसा देवासला पोचलो. बसस्थानकाच्या पुढे एका गल्लीत एक गॅरेज सापडले. गॅरेज म्हणजे पत्र्याचे छप्पर, पाचसहा गाड्या, आणि एक साठीचा मेकॅनिक. त्याने गाडीला हात लावला नाही. मला स्टँडवर लावून चालू ठेवायला सांगितले, मान तिरकी करून अर्धा मिनिट ऐकले आणि विचारले, "ये कब से चुप है?"

अंगणात खेळणारे पोर अचानक गप्प बसले तर डॉक्टर आईला जसे विचारील तसे त्याने विचारले. मी सगळे सांगितले. तो म्हणाला, "टॅपेट बोलने दो थोड़ा भाईसाब. चुप टॅपेट वाल्व खा जाता है."

पुढे त्याने जे समजावले ते असे. इंजिनाच्या डोक्यात वाल्व असतात आणि त्यांना दाबणारा हात असतो. त्या दोहोंच्या मध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. अशा लहान गाड्यांत ती मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास, फार तर दहाव्या भागाएवढी. फट असली की हात वाल्ववर आपटतो आणि बारीक 'टिक टिक' होते. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो म्हणून ही टिकटिक इंजिनाच्या निम्म्या गतीने येते. जाणकार कान यावरूनच तिला ओळखतो. फट वाढली की टिकटिक मोठी होते आणि मालकाला त्रास होतो. मालक मेकॅनिककडे जातो आणि म्हणतो, आवाज बंद कर. मेकॅनिक शहाणा असेल तर फीलर गेज घालून फट मापाची करतो. घाईतला असेल, किंवा गिऱ्हाईकाला खूश करायचे असेल, तर फटच बुजवतो. आवाज तत्काळ बंद. पैसे घेऊन मोकळा.

पण वाल्व तापतो आणि तापला की लांबतो. लांबायला जागा हवी म्हणून तर ती फट. जागा नसली तर वाल्व आपल्या जागेवर पुरता टेकत नाही. एक्झॉस्ट वाल्वची उष्णता निघून जाण्याची मुख्य वाट म्हणजे तो जिथे टेकतो ती सीट. टेकलाच नाही तर निवणार कसा? कडेने आगीसारखा वायू निसटत राहतो, कॉम्प्रेशन जाते, दम जातो, किक लागत नाही, बार निघतात आणि हळूहळू वाल्वची कड जळते. हे सगळे शांततेत होते. माझी गाडी गप्प होती ती समाधानाने नव्हे.

थोडक्यात, भोजराजाचा दुसरा दोष. ढिलेपणा घालवता घालवता यंत्र आखडले होते.

"अभी नहीं होगा," मेकॅनिक म्हणाला, "टॅपेट ठंडे इंजन पे लगता है. तीन घंटे घूम के आओ." गरम इंजिनावर लावलेले माप खोटे असते, हे मला तेव्हाच कळले. गडबडीत असलेले गिऱ्हाईक आणि तापलेले इंजिन हे या धंद्यातले जुने वैरी आहेत.

तीन तास हातात होते. देवासच्या मधोमध टेकडी आहे, तिच्यावर तुळजाभवानी आणि चामुंडा. लोक त्यांना मोठी माता आणि धाकटी माता म्हणतात, सख्ख्या बहिणी मानतात. संस्थानाच्या थोरल्या आणि धाकट्या पातीशी हे छान जुळते. इंग्रज लेखक फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव म्हणून इथे राहिला होता आणि पुढे त्याने आपल्या पुस्तकाला या टेकडीचेच नाव दिले. टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचे घर, 'भानुकुल'.

कुमारजी मूळचे बेळगावजवळच्या सुळेभावीचे. आपल्या पेडणे महालातल्या मालपेंच्या अंजनीबाई मालपेकरांकडूनही त्यांना विद्या मिळाली होती, त्यामुळे गोव्याचा त्यांच्यावर थोडा हक्क पोचतो. १९४८ च्या सुरुवातीला क्षयाने आजारी होऊन ते हवापालटासाठी देवासला आले. वय तेवीस. गाणे पूर्ण बंद. पाचेक वर्षे त्यांनी बहुतेक अंथरुणावर काढली आणि त्या काळात ऐकण्याशिवाय त्यांना दुसरे काही करता येत नव्हते. रस्त्याने गात जाणारे निर्गुणी भजनाचे गायक, बायकांची लग्नातली गाणी, माळव्याच्या लोकधुना. पुढे त्यातून जे निघाले ते आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. मी घराबाहेर थोडा वेळ उभा राहिलो. रस्त्यावरून एक मुलगा फाटक्या सायलेन्सरची गाडी घेऊन गेला आणि टेकडीवरच्या देवळाची घंटा काही वेळ ऐकूच आली नाही. १९४८ साली हा मुलगा या रस्त्याने जात असता तर काय झाले असते, असा एक वेडा विचार मनात आला.

परत आलो तर मेकॅनिक चहा पीत होता. इंजिन अजून कोमट होते म्हणून आणखी अर्धा तास बसवले. त्या अर्ध्या तासात त्याच्याकडे आलेल्या गाड्यांवर त्याने माझी शाळा घेतली आणि ती मी जन्मात विसरणार नाही.

कुठलाही नवा आवाज आला की आधी तेल बघायचे. डिपस्टिक काढून पुसून पुन्हा बघायचे. अर्धी दुखणी तिथेच कळतात. मग बघायचे की आवाज इंजिनाचाच आहे ना? पहिलीच गाडी 'इंजिन वाजते' म्हणून आली होती. त्याने साडीगार्ड हाताने दाबून धरला, आवाज बंद. एक नट. पैसे घेतले नाहीत. दुसरीची चेन कोरडी ठणठणीत होती, 'कर्र कर्र' म्हणजे तेवढेच. तिसरी घरघरत होती. त्याने क्लच दाबला तर घरघर गेली, सोडला तर आली. म्हणजे रोग क्लचच्या टोपलीच्या बाजूला. एवढीशी तपासणी, पण ती न करता माणसे सगळे इंजिन खोलायला लावतात.

थ्रॉटल सोडल्यावर डब्यात चिंचोके हलवल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन ढिली किंवा तिला ताण देणारा टेन्शनर गेलेला. सकाळी गार इंजिनात बोजड 'टपटप' आणि गरम झाल्यावर गायब, तर पिस्टन सिलिंडरमध्ये सैल झालेला. तापला की तो फुगतो आणि आपली जागा भरून काढतो. अशी गाडी म्हाताऱ्या माणसासारखी, सकाळचा खोकला घेऊनही वर्षानुवर्षे चालते. चढणीवर वरच्या गियरमध्ये रेटले की पत्र्यावर खडी पडल्यासारखी किटकिट ऐकू येते, ती कुठल्या सुट्या भागाची नसतेच. पेट्रोलचा वायू ठिणगीने पेटायच्या आधी किंवा नंतर आपल्याच मनाने भडकतो त्याचा तो आवाज. आत कार्बन साचला, टायमिंग पुढे गेले, पेट्रोल हलके मिळाले की होतो. खालचा गियर टाकला तर बहुधा लगेच थांबतो. आमच्याकडे चोर्ल्याच्या घाटात डबलसीट माणसे चौथ्या गियरवर हट्टाने चढत असतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि टॅपेटची हुबेहूब नक्कल करणारा एक बहुरूपी असतो, तो म्हणजे सायलेन्सरच्या नळीचा फुटलेला गॅस्केट. ओला फडका जवळ धरला की फुंकर लागते आणि सोंग उघडे पडते.

मग त्याने आवाज खाली आणून एक आवाज सांगितला. खोल, तळातून येणारा 'ठक ठक', थ्रॉटल देताना किंवा सोडताना वाढणारा, तापल्यावर कमी न होता जास्त होणारा. कनेक्टिंग रॉडचे मोठ्या टोकाचे बेअरिंग. "ये सुनाई दिया तो वहीं उतर जाना. घर तक भी मत चलाना."

हे वाक्य ऐकताना मला आमच्या वाड्यावरचा एक मुलगा आठवला. नाव सांगत नाही. साडेतीनशे सीसीची गाडी, आणि घेतल्याच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीचा सायलेन्सर काढून बाजारातला धडधडणारा बसवलेला. गाडी दोन गल्ल्या पलीकडे असली तरी घरातली भांडी हलत. वर्षभराने तेल गळत गेले, कमी झाले. तळात ठकठक सुरू झालीच असणार. पण ऐकणार कोण? स्वतःच्याच सायलेन्सरने त्याचे कान झाकले होते. घाटाच्या उतरणीला इंजिन जाम झाले, मागचे चाक लॉक झाले आणि तो रस्त्यावर फेकला गेला. गळपट्टीचे हाड मोडले. मागून ट्रक येत होता, तो थांबला म्हणून आज त्याच्याबद्दल इतक्या सहज लिहू शकतो.

आपल्याकडे मोठ्या सायलेन्सरविरुद्ध बोलणारे शेजाऱ्यांच्या झोपेबद्दल बोलतात. ते खरेच आहे आणि कायदाही त्यांच्या बाजूने आहे. १७५ सीसीच्या वरची दुचाकी कारखान्यातून निघताना ८० डेसिबलच्या आत असावी लागते, त्याखालची ७७ च्या आत, ८० सीसीपर्यंतची ७५ च्या आत. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दसपट होते, हे लक्षात घेतले तर बाजारातला सायलेन्सर काय करतो ते कळेल. पोलीस असे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात, वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि मग सगळे शांत; म्हणजे सगळे पुन्हा मोठ्याने. पण माझी तक्रार शेजाऱ्यांची नाही, त्या मुलाची आहे. ज्याला स्वतःची गाडी ऐकू येत नाही त्याला ती सांगणार कशी? भोजराजाने आवाजासाठीच असलेल्या यंत्राला भरपूर आवाज दिला होता खरा. मोटारसायकल ते यंत्र नव्हे.

आणि गंमत अशी की आवाज वाढवणारा तो मुलगा आणि आवाज बुजवणारा माझा आत्येभाऊ, दोघे एकाच कुळातले आहेत. दोघांनाही इंजिन काय म्हणते त्याच्याशी कर्तव्य नाही. जुन्या गाड्या विकणारे दलाल यांना बरोबर ओळखून असतात. इंजिनात जाडजूड तेल ओततात, खडखड काही दिवस दबते, गिऱ्हाईक 'वा, काय सायलेंट!' म्हणून घेऊन जाते. जुनी गाडी घेणाऱ्याने ती गार असताना बघावी, दलालाने आधीच चालू करून गरम ठेवली असेल तर उद्या येतो म्हणावे. यापेक्षा जास्त उपयोगाचा सल्ला मला या विषयात देता येणार नाही.

ऐकणारे मेकॅनिक मात्र कमी होत चालले आहेत याचे वाईट वाटते. नव्या गाड्यांत इंजेक्शन आहे, सेन्सर आहेत, वायर जोडली की पडद्यावर चूक उमटते. ते चांगलेच आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण सेन्सरला जे मोजायला शिकवले तेवढेच तो मोजतो, टॅपेटच्या फटीसाठी अशा लहान गाडीत सेन्सर नसतो. आमच्या गावच्या मेकॅनिकने चाळीस वर्षे एका लांब स्क्रू-ड्रायव्हरवर धंदा केला. टोक इंजिनाला, मूठ कानाला. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप १८१६ साली फ्रान्समध्ये लेनेक यांना सुचला तो याच तत्त्वावर. त्याच्या हाताखाली पोरे होती, ती एकेक करून बोटीवर आणि आखातात गेली. आता त्याच्याकडे कोणी शिकायला येत नाही, आणि त्याला स्वतःलाही नीट ऐकू येत नाही. चाळीस वर्षे उघड्या इंजिनांसमोर आणि ग्राइंडरसमोर बसल्यावर दुसरे काय होणार? कानात घालायला कापसाचा बोळासुद्धा कोणी त्याला दिला नाही, आणि ज्यांच्या गाड्या त्याने कानाने वाचवल्या त्यांच्यात मीही आहे.

मागे एकदा मी त्याच्याकडे बसलो होतो. एक पायलट आपली गाडी घेऊन आला. त्या दिवशीची त्याची सगळी कमाई गाडीवर अवलंबून. आमच्या मेकॅनिकने स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पण मूठ कानाला लावण्याऐवजी तो बोटांच्या टोकांत हलके धरला आणि डोळे मिटले. मी विचारले तर म्हणाला, "आतां म्हाका कानांनी आयकूंक येना, बोटांनी आयकूंक येता." मग कधी दातांतही धरतो म्हणाला, हाडातून पोचते. पायलटला सांगितले, टेन्शनर बदल, उद्यापर्यंत चालेल, परवा नको. पायलटने आजचे भाडे करून संध्याकाळी गाडी आणून दिली.

देवासच्या मेकॅनिकने माझे टॅपेट गार इंजिनावर मापाने लावले. वाल्वची कड थोडी जळली होती, पण थोडीच. महिनाभर अजून चालवली असती तर हेड खोलावे लागले असते म्हणाला. किक मारली, पहिल्या किकेला चालू. आणि इतके दिवस मुकी असलेली ती गाडी टिक टिक टिक करू लागली. इंदूरपर्यंतचा रस्ता मी ती टिकटिक ऐकत मोठ्या समाधानात कापला.

गाडी आत्येभावाच्या हवाली केली. त्याने चालू केली, ऐकली आणि त्याचा चेहरा पडला. मी फट, वाल्व, सीट, उष्णता सगळे सांगितले. तो मान हलवत होता. वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या हो, पाहुण्यांना काय बोलायचे."

गोव्यात परतल्यावर पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि शेवटी म्हणाला, "आणि हो, गाडीचा तो आवाज बंद करून आणला बरं का."

"कसा?"

"कसा म्हणजे? टॅपेट टाइट करून. आता परत एकदम मख्खन."